अंगठी घट्ट होते तेव्हा: स्तनाच्या कॅन्सरनंतरची हाताची सूज आणि पुढची वर्षं

ऑपरेशन होऊन गेलेलं असतं. केमो, रेडिएशन सगळं पार पडलेलं असतं. केस परत आलेले असतात आणि भेटणारे म्हणू लागतात, "आता अगदी पहिल्यासारखी दिसतेस." अशाच एखाद्या संध्याकाळी बोटातली अंगठी निघता निघत नाही. सकाळी ती बरोबर बसलेली असते, संध्याकाळी रुतते. घड्याळाच्या पट्ट्याचा वळ मनगटावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतो. त्या बाजूची बाही दंडाला काचते. दुखत काही नाही. हात फक्त जड वाटतो, भरल्यासारखा वाटतो.

बहुतेक जणी हे कोणाला सांगत नाहीत. एवढ्या मोठ्या आजारातून बाहेर पडल्यावर अंगठीची काय तक्रार करायची, असं वाटतं. पण ही तक्रार करायलाच हवी, आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात करायला हवी. का, ते पुढे कळेल.

या सुजेला लिम्फिडीमा म्हणतात. ती मुळापासून जाईल असं औषध आज नाही. पण तिला वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवता येतं. त्यासाठी हात बाजूला ठेवून द्यावा लागत नाही, उलट तो वापरावा लागतो. हे शेवटचं वाक्य अनेकींना धक्कादायक वाटेल. कारण ऑपरेशननंतर त्यांना नेमकं उलटं ऐकायला मिळालेलं असतं: वजन उचलू नकोस, जोर लावू नकोस, हात जप.

काखेत काय बदलतं

रक्त बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचलं की त्यातलं थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपतात. पेशींना पोषण मिळायचं तर हे झिरपणं हवंच. पण झिरपलेलं परत कोण नेणार? ते काम लसिकावाहिन्यांचं. सगळ्या शरीराचा हिशेब केला तर दिवसाला काही लिटर द्रव या वाटेने रक्तात परत जातो. या द्रवाला लसिका म्हणतात. प्रथिनांचे मोठे रेणू, मेलेल्या पेशींचे तुकडे, आत शिरलेले जंतू हे सगळं रक्तवाहिनीच्या भिंतीतून थेट परत जाऊ शकत नाही. त्यांना लसिकेची वाट हीच एक वाट.

या वाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. प्रत्येक वाहिनीचे छोटे छोटे कप्पे असतात, दोन कप्प्यांच्या मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते, आणि कप्प्याच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. एक कप्पा आवळला की द्रव पुढच्या कप्प्यात जातो, मग तो आवळतो. शिवाय बाहेरूनही मदत मिळते. हाताचे स्नायू आवळले की वाहिन्या दाबल्या जातात. खोल श्वास घेतला की छातीतला दाब बदलतो आणि मोठ्या लसिकावाहिनीतला द्रव वर, मानेजवळच्या शिरेकडे खेचला जातो. हे लक्षात असू द्या, पुढचा जवळजवळ सगळा उपचार यावरच उभा आहे.

हाताची बहुतेक लसिका आणि स्तनाची बरीचशी लसिका काखेतून जाते. तिथे साधारण २० ते ४० लसिकाग्रंथी असतात, प्रत्येकीत कमी-जास्त. लसिका त्यांच्यातून गाळून पुढे जाते. स्तनातला कॅन्सर पसरताना बहुधा आधी याच ग्रंथींत पोचतो, म्हणून ऑपरेशनमध्ये त्या काढून तपासतात. त्यावर रेडिएशन झालं की उरलेल्या भागात व्रणासारखे चिवट तंतू तयार होतात आणि नव्या वाटा फुटायला जागा कमी राहते.

मग सूज लगेच का येत नाही? कारण उरलेल्या वाहिन्या जास्तीचं काम अंगावर घेतात. काही जणींच्या बाबतीत त्या ते जन्मभर निभावून नेतात. काहींच्या मात्र थकतात: भिंती जाड होतात, झडपा नीट मिटेनाशा होतात, द्रव मागे घसरू लागतो. अशा काठावरच्या हाताला एखादा जंतुसंसर्ग किंवा वाढलेलं वजन पुरतं. एका दीर्घ पाहणीत, सूज आलेल्या दर ४ जणींपैकी सुमारे तिघींना ती ऑपरेशन झाल्यापासून पहिल्या ३ वर्षांत आली होती. उरलेल्यांना त्यानंतर, कोणाला तर बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे "पाच वर्षं झाली, आता काही होत नाही" असं धरून चालू नये, आणि रोज धास्तावूनही राहू नये.

सूज फक्त हातावरच येते असंही नाही. स्तन वाचवणारं ऑपरेशन झालं असेल तर त्या स्तनावर, नाहीतर छातीच्या बाजूला, काखेच्या मागे पाठीवर येऊ शकते. ती आरशात पटकन दिसत नाही आणि तपासणीतही निसटते. अंतर्वस्त्राचा वळ एकाच बाजूला खोल पडत असेल तर ते आवर्जून दाखवा.

हे नुसतं पाणी नाही

सूज म्हणजे पाणी, पाणी उतरलं की झालं, हा समज फार पक्का आहे. म्हणून लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या मागितल्या जातात. त्या गोळ्यांनी पाणी जातं, पण प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी खेचतात. या सुजेवर दीर्घकाळ त्या घेण्यात फायदा नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर गोष्ट वेगळी, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

साचलेला, प्रथिनांनी दाट झालेला द्रव तिथल्या ऊतींना सतत डिवचत राहतो. शरीर त्याला जखम समजतं आणि दुरुस्तीला लागतं. तंतू विणले जातात, चरबी साठते. सुरुवातीला बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि रात्रभर हात उशीवर ठेवला तर सकाळी सूज उतरलेली असते. काही काळाने ती रात्रीत उतरेनाशी होते. त्यानंतर खळगाही पडेनासा होतो, कारण आतला ऐवजच बदललेला असतो. पाणी बाहेर काढता येतं, तंतू आणि चरबी दाबून निघत नाहीत. डॉक्टर याच क्रमाने टप्पे मोजतात. त्यातला पहिला म्हणजे शून्य टप्पा: वाहून नेण्याची क्षमता घटलेली असते, हात जड वाटतो, पण डोळ्याला सूज दिसत नाही. अंगठीची तक्रार याच सुमाराची, आणि याच वेळी सगळ्यात जास्त काही करता येतं.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढलेल्यांपैकी सुमारे २० टक्के जणींना सूज आली होती. फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे स्तनाची लसिका जिथे सर्वांत आधी पोचते त्या एक-दोन ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होतं. पहारेकरी ग्रंथीची ही पद्धत स्तनाच्या कॅन्सरमध्ये १९९० च्या दशकात आली आणि तिने असंख्य हात वाचवले. काखेतलं रेडिएशन, लठ्ठपणा आणि त्या हाताला झालेला जंतुसंसर्ग यांनी धोका वाढतो.

टेप आणि वही

माझ्या हातात असतं तर ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या यादीत मी एक ओळ घालायला लावली असती: दोन्ही हातांची मापं. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो. आधीचं माप नसेल तर नंतरचा फरक सुजेचा की जन्माचा, हे सांगणं अवघड जातं. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं त्यांनी आजचं माप हेच पहिलं माप धरावं.

माप घरी घेता येतं. शिवणकामाची साधी टेप पुरते. पंजाभोवती, मनगटावर, कोपराच्या खाली ठरावीक अंतरावर आणि कोपराच्या वर ठरावीक अंतरावर. अंतर कुठलंही ठरवा, उदाहरणार्थ १० सेंटिमीटर, पण दर वेळी तेच ठेवा. टेप टेकवायची, आवळायची नाही. दोन्ही हात मोजायचे, दिवसाची वेळ तीच ठेवायची आणि आकडे तारखेसह वहीत लिहायचे. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजलं तर अर्ध्या सेंटिमीटरच्या चढउतारांनी झोप उडते आणि हाती काही लागत नाही.

पूर्वी दोन हातांत एखाद्या जागी २ सेंटिमीटरचा फरक दिसला की सूज धरत. आता तेवढं थांबू नये असं तज्ज्ञ सांगतात. त्वचेखालचा द्रव अगदी सौम्य विद्युतप्रवाहाने मोजणारी यंत्रं काही ठिकाणी असतात, ती टेपच्या आधी बदल पकडतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन गट होते. एकीकडे या यंत्राने आणि दुसरीकडे टेपने नजर ठेवली, आणि बदल दिसताच दोन्हीकडे ४ आठवडे दाबाची बाही, म्हणजे हातावर घट्ट बसणारी खास बाही, घालायला दिली. त्यानंतर यंत्राच्या गटात ७.९ टक्के जणींची सूज पुढे वाढली, टेपच्या गटात १९.२ टक्के जणींची. यंत्र जवळपास नसेल तर टेप आणि स्वतःच्या हाताची जाणीव यांवर भिस्त ठेवा. "हात भरल्यासारखा वाटतोय" ही जाणीव बऱ्याचदा टेपच्याही आधी येते.

उपचाराचे दोन भाग

सूज नक्की झाली की उपचार दोन भागांत चालतो. पहिल्या भागात ती जमेल तेवढी उतरवायची, दुसऱ्यात उतरलेली टिकवायची. पहिला भाग काही आठवड्यांचा असतो, दुसरा जन्मभराचा. गोंधळ होतो तो इथेच. पहिला भाग संपला, हात बारीक झाला, की वाटतं आपण बऱ्या झालो. बाही कपाटात जाते आणि सूज परत येते. मग उपचाराचा उपयोग नाही असा निष्कर्ष निघतो. खरं तर उपचार अर्ध्यावर सुटलेला असतो.

पहिल्या भागात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट रोज किंवा दिवसाआड हातावर थर देऊन बँडेज बांधतात. आत मऊ कापूस किंवा स्पंज, वर फारसं न ताणलं जाणारं बँडेज. घरातलं लवचीक क्रेप बँडेज या कामाचं नाही. ते स्नायू फुगला की स्वतःही ताणलं जातं आणि हात स्थिर असतानाही आवळत राहतं. कमी ताणाचं बँडेज स्थिर हाताला फार दाबत नाही, पण स्नायू फुगला की भिंतीसारखं आडवं उभं राहतं. स्नायू आणि भिंत यांच्या मध्ये लसिकावाहिन्या पिळल्या जातात आणि द्रव पुढे सरकतो. म्हणून हे बँडेज बांधून हात हलवायचा असतो. बांधून पडून राहिलं तर निम्मा फायदा वाया.

सोबत हलक्या हाताने लसिका वळवण्याचं तंत्र असतं. ते १९३० च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड वोडर या डॅनिश दांपत्याने विकसित केलं. पुढे जर्मनीत मिखाएल आणि एटेल फोल्डी यांनी त्याला बँडेज, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन आजची एकत्रित पद्धत रुजवली. याला मालिश म्हटलं की लोक जोरात चोळतात. इथे त्वचा फक्त हलकेच सरकवायची असते, कारण वरवरच्या लसिकावाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात. सुरुवात हातापासून होत नाही. आधी मान, दुसरी काख, धड इथल्या वाटा मोकळ्या करायच्या आणि मग हाताचा द्रव तिकडे वळवायचा. पुढचा रस्ता अडलेला असताना मागून गाड्या सोडून काय होणार? घरी करायची सोपी आवृत्ती थेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्यावी. मात्र दिवसात वेळ थोडाच असेल आणि हे तंत्र नाहीतर दाबाची बाही यांतलं एकच जमणार असेल, तर मी बाही निवडेन. टिकवण्याच्या काळात खरं काम दाब करतो.

बाहीबद्दल सविस्तर

दाबाची बाही, जिला सगळे स्लीव्ह म्हणतात, ती सूज उतरल्यावर घालायची असते. सुजलेल्या हातावर मापून घेतलेली बाही त्या सुजेलाच मापाची होऊन बसते. तिचा दाब मनगटाशी सर्वांत जास्त आणि खांद्याकडे कमी होत जातो, म्हणजे द्रव वरच्या दिशेने ढकलला जातो. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हाताच्या सौम्य ते मध्यम सुजेसाठी बहुधा २० ते ३० च्या आसपासचा दाब वापरतात. नेमका किती, हे थेरपिस्टने ठरवायचं. हृदय नीट काम करत नसेल, हाताच्या रक्तपुरवठ्यात अडचण असेल किंवा शिरेत गुठळी असेल तर दाब धोक्याचा ठरू शकतो, म्हणून आपल्या मनाने बाही विकत घेऊन सुरू करू नये.

बाह्या दोन जातींच्या असतात. एक गोल विणलेली: शिवण नाही, पातळ, बहुतेक तयार मापात मिळणारी. दुसरी सपाट विणून मग शिवलेली: जाडसर, कडक, बहुधा खास मापावर केलेली. हात सरळसोट असेल आणि सूज थोडी असेल तर पहिली चालते. हाताचा आकार बदललेला असेल, कोपराशी घड्या पडत असतील तर दुसरी लागते, कारण पहिली त्या घड्यांत रुतून दोरीसारखी काचते. दिसायला दुसरी कमी सुबक असते, पण कठीण हाताला तीच धरून ठेवते.

सकाळी हात सर्वांत बारीक असतो, तेव्हा बाही घालायची आणि रात्री काढायची. दिवसाची बाही घालून झोपू नये, थेरपिस्टने सांगितलं असेल तरच. रात्रीसाठी वेगळी, कमी दाबाची, आत मऊ भर असलेली बाही मिळते. घालताना घरातले रबरी हातमोजे घाला, कापड पकडायला सोपं जातं. वरची कड धरून खेचलीत तर सगळं कापड वर गोळा होतं आणि मनगट मोकळं राहतं. तळव्याने थोडं थोडं वर सरकवत न्या, सुरकुती ठेवू नका, वरची कड कधीच दुमडू नका. दुमडली की तिथला दाब दुप्पट होतो.

बाही घातल्यावर पंजा सुजू लागला तर हट्टाने घालून ठेवू नका. माप चुकलंय, किंवा पंजासाठी दाबाचा मोजाही लागणार आहे. बोटं निळसर होणं, मुंग्या येणं, दुखणं हे काहीही सहन करायचं नसतं. काढा आणि दाखवा.

दोन बाह्या हव्यात, एक अंगावर आणि एक वाळत. रोज धुतली तर बरं. घामाने आणि त्वचेवरच्या तेलाने धागा सैल पडतो, धुतल्यावर तो परत आवळतो. कपडे मऊ करणारा द्रव घालायचा नाही, कडक उन्हात किंवा हीटरवर वाळवायचं नाही. साधारण ६ महिन्यांत बाहीचा दाब सरतो. ती दिसायला धडधाकट असते, म्हणूनच फसगत होते. ज्या दिवशी ती घालणं सोपं वाटू लागेल, त्या दिवशी तिची वेळ झाली असं समजा.

वजन उचलायचं की नाही

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरने स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या २४ स्त्रिया जमवल्या आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. ही लांब होडी असते, दोन रांगांत बसून सगळ्यांनी एका ठेक्यात वल्ही मारायची असतात. म्हणजे दंड, खांदा, पाठ यांना सततचा, तोच तोच जोर. त्या काळच्या सल्ल्याप्रमाणे याहून वाईट काही नव्हतं. त्या गटाने सराव केला, शर्यतीत उतरला. कोणालाही नव्याने लिम्फिडीमा झाला नाही आणि आधीपासून असलेल्यांचा वाढला नाही. त्यातून 'अब्रेस्ट इन अ बोट' हा संघ उभा राहिला आणि त्याच्यासारखे संघ पुढे जगभर झाले.

२४ जणींवरून नियम ठरत नाही, हे खरं. पण त्यानंतर पक्क्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी लिम्फिडीमा असलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर, आठवड्यातून दोनदा, बाही घालून वजनं उचलली. अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, त्रास झाला नाही तरच थोडी वाढ. २००९ मध्ये निष्कर्ष आले. वजन उचलणाऱ्यांची सूज दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली नाही. सूज अचानक उसळण्याचे प्रसंग या गटात १४ टक्के जणींना आले, दुसऱ्या गटात २९ टक्के. सूज नसलेल्या पण धोका असलेल्या स्त्रियांवरही त्यांनी असाच अभ्यास केला. ज्यांच्या ५ किंवा जास्त ग्रंथी काढलेल्या होत्या त्यांच्यात वजन उचलणाऱ्यांपैकी ७ टक्के जणींना सूज आली, न उचलणाऱ्यांपैकी २२ टक्के.

मला हे आकडे वाचून वाईटही वाटतं. कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं मूल उचललं नाही, बादली उचलली नाही, आणि तो हात आणखी अशक्त होत गेला. अशक्त हाताला रोजचं साधं कामही जड होतं आणि जड कामाने सूज उसळते. बळकट हाताला तेच काम हलकं पडतं. इथे 'सावकाश' हा शब्द मात्र नीट ऐकायचा. ज्या हाताने ३ वर्षं काही उचललेलं नाही त्याने एका दिवसात घर हलवायला घेतलं तर तो सुजणारच. अर्ध्या किलोपासून सुरू करा, शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखाली. सूज असेल तर व्यायामाच्या वेळी बाही घाला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हात कसा आहे ते पाहा. जड वाटला तर मागच्या वजनावर परत या, व्यायाम सोडू नका.

ज्या दिवशी व्यायामाला वेळच नसेल त्या दिवशी दोन गोष्टी कराव्यात. पोट फुगेल असे ५-७ खोल श्वास, आणि हात खांद्याच्या वर धरून मूठ उघडझाप. दोन मिनिटं लागतात.

सुई, रक्तदाबाचा पट्टा, विमान

त्या हातात सुई टोचू देऊ नका, रक्तदाब मोजू देऊ नका, हा नियम इतका मनात बसलेला आहे की अनेक जणी रुग्णालयात भांडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६३२ स्त्रियांच्या हातांची ३,००० हून अधिक मोजमापं तपासली. रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब, विमानप्रवास यांचा आणि सूज वाढण्याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो जंतुसंसर्गाशी, वजनाशी, काखेतल्या मोठ्या ऑपरेशनशी आणि रेडिएशनशी.

माझं मत असं: दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करा, त्यात काही जात नाही. सूज असलेल्या हाताच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्याची जंतूंशी झुंजण्याची ताकद कमी झालेली असते. पण तातडीच्या वेळी, किंवा दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झालेली असताना, एका सुईने हात कायमचा बिघडेल या भीतीने उपचार अडवू नका. विमानात, सूज असेल तर बाही घाला आणि मधूनमधून उठा.

त्वचा, आणि ताप आला तर

सगळ्या लेखातला एवढाच भाग लक्षात राहिला तरी चालेल. लसिकाग्रंथी जंतूंवर पहारा देतात. त्या कमी झालेल्या, आणि साचलेला प्रथिनांचा द्रव म्हणजे जंतूंना आयती मेजवानी. त्यामुळे साध्या ओरखड्यातून, नखाच्या कडेच्या सालातून, कीटकाच्या चाव्यातून जंतू शिरले की संसर्ग वेगाने पसरतो. याला सेल्युलायटिस म्हणतात. प्रत्येक संसर्ग काही लसिकावाहिन्या कायमच्या बाद करून जातो, त्यामुळे सूज वाढते, आणि वाढलेल्या सुजेत पुढचा संसर्ग आणखी सहज होतो. हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही.

म्हणून रोज रात्री बाही काढल्यावर हाताला साधं, वासरहित क्रीम लावायचं, कारण कोरडी त्वचा भेगाळते. नखांच्या कडेची त्वचा कापायची नाही. बागकामात, भांडी घासताना हातमोजे. काखेतले केस काढायला ब्लेडऐवजी विजेवरचं यंत्र. भाजलं, कापलं, चावलं तर लगेच साबणाने धुऊन जंतुनाशक मलम. त्या हाताला गरम शेक देऊ नये. काखेभोवती बधिरपणा राहिलेला असतो आणि भाजल्याचं कळतही नाही.

आणि इतकं करूनही हात लाल झाला, गरम लागला, दुखू लागला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सकाळपर्यंत थांबू नका. अँटिबायोटिक तातडीने लागतं आणि बहुधा १४ दिवस तरी घ्यावं लागतं. दोन दिवसांत लाली उतरली म्हणून मध्येच सोडायचं नाही. या काळात दाब आणि हलकं मालिश थांबवा, हात उशीवर ठेवा, दुखणं ओसरल्यावर बाही पुन्हा सुरू करा. वर्षात दोन किंवा जास्त वेळा असं झालं तर रोज कमी मात्रेत अँटिबायोटिक ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. लांबच्या प्रवासात गोळ्या सोबत ठेवाव्यात का, हेही विचारून ठेवा.

वजनाबद्दल थोडक्यात. लठ्ठपणात लसिकेचा भार वाढतो आणि वाहिन्यांचं काम मंदावतं. वजन आटोक्यात ठेवल्याने सूज सांभाळणं सोपं जातं. पण आहारात एखादी जादूची वस्तू नाही, पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही आणि प्रथिनं टाळण्याचं तर काहीच कारण नाही.

ऑपरेशनचा मार्ग

लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याचं ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली करतात. या वाहिन्या एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. ते सुरुवातीच्या टप्प्यात, वाहिन्या अजून जिवंत असताना जास्त उपयोगी पडतं. शरीराच्या दुसऱ्या भागातून लसिकाग्रंथी आणून काखेत बसवण्याचंही ऑपरेशन आहे. त्यात जिथून ग्रंथी काढल्या तिथे सूज येण्याचा थोडा धोका राहतो. आतला ऐवज चरबीचा झालेला असेल तर स्वीडनमधल्या माल्मो इथले हाकान ब्रोर्सन यांनी १९८७ पासून वापरलेली चरबी खेचून काढण्याची पद्धत आहे. हात खरोखर दुसऱ्या हाताएवढा होऊ शकतो, पण त्यानंतर दिवसरात्र, जन्मभर बाही घालावी लागते. म्हणजे ज्या बाहीला कंटाळून ऑपरेशनचा विचार सुरू होतो, ती या मार्गात सुटत नाही, उलट आणखी चिकटते. निर्णयाआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

कोणती सूज वेगळी

वर्षानुवर्षं एका मापात असलेला हात दोन-चार दिवसांत एकदम सुजला, सोबत दुखू लागला, छातीवर किंवा खांद्यावर शिरा फुगलेल्या दिसल्या, तर शिरेत गुठळी नाही ना हे तातडीने पाहावं लागतं. हाताची ताकद जात असेल, काखेत किंवा मानेत नवी गाठ लागत असेल तर कॅन्सर परत आलेला नाही याची खात्री करावी लागते. सुजलेल्या हातावर जांभळट डाग किंवा गाठ दिसली आणि ती जखमेची नसेल, तर तीही दाखवा. फार वर्षांच्या सुजेत क्वचित वेगळा कॅन्सर उद्भवतो. अशा वेळी नुसतं बँडेज बांधून घेऊ नये.

कंटाळा आला की

हे सगळं रोज करायचं, आणि त्याचं बक्षीस काय, तर काही न होणं. हात तेवढाच राहणं. ते कुणाला दिसत नाही, कुणी शाबासकी देत नाही. बाही मात्र सगळ्यांना दिसते, आणि लिफ्टमधली अनोळखी माणसंही विचारतात, "हाताला काय झालं?" आजार सांगायचा की नाही, दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. घरातल्यांना वाटतं, कॅन्सर गेला, मग आता काय उरलं? खूप काही उरलेलं असतं. घरातल्यांनी यातलं एक काम उचलावं: रोज बाहीची वरची कड नीट बसली का बघणं, महिन्याला पाठीमागून टेप धरणं, दुसरी बाही धुऊन ठेवणं. सहानुभूतीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आणि कधीतरी सुटतं. उन्हाळ्यात बाही नकोशी होते, एखादं लग्न येतं, कुणाचं तरी आजारपण येतं, महिना निघून जातो. हात सुजतो आणि मग थेरपिस्टकडे जायचीच लाज वाटते. जाणारी प्रत्येक जण कधी ना कधी अशी उशिरा गेलेली असते, थेरपिस्टना हे नवीन नसतं. बहुधा काही दिवस पुन्हा बँडेज बांधावं लागतं, हात उतरला की नव्या मापाची बाही मिळते. जाताना मापांची वही सोबत न्या. शेवटची नोंद कधीची आहे ते पाहून त्या उपचार कुठून सुरू करायचा ते ठरवतील.